सेवियात मुक्काम ठोकताना: शहर कसं बघायचं आणि आसपास कुठे जायचं

सेवियाच्या सहलीचा आराखडा करायला बसण्याआधी नकाशा उघडा आणि हे शहर कुठे आहे ते नीट बघा. स्पेनच्या नैर्ऋत्य टोकाला, पोर्तुगालच्या शेजारी, लंडनच्याही पश्चिमेला. आणि घड्याळ मात्र बर्लिनचं. १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनने आपली वेळ जर्मनीशी जुळवून घेतली आणि पुढे ती कधी मागे घेतलीच नाही. परिणाम असा की उन्हाळ्यात इथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी अडीचच्या सुमारास. सगळ्यात जास्त उकाडा पाच-सहा वाजता असतो आणि जूनअखेर सूर्य मावळतो पावणेदहाला.

ही नुसती गंमत म्हणून सांगत नाही. आपण पुण्या-मुंबईच्या सवयीने 'चारनंतर ऊन उतरलं की बाहेर पडू' असं ठरवतो आणि ऐन भट्टीत जाऊन सापडतो. सेवियातली माणसं दोन-अडीचला जेवतात, रात्री नऊनंतर पुन्हा जेवायला बसतात, त्यालाही हेच कारण आहे. सूर्याच्या हिशेबाने पाहिलं तर ती आपल्याच वेळेला जेवत असतात. सकाळी लवकर तिकिटाची ठिकाणं, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी सातनंतर पायी भटकंती, एवढं पथ्य पाळलं की हे शहर सोपं होतं. पुढचा सगळा आराखडा त्यावरच बेतलेला आहे.

किती दिवस, आणि कधी

माझं मत स्पष्ट आहे. आठ दिवसांत पाच शहरं करणाऱ्या सहलीत सेवियाला एक रात्र मिळते, ती वाया जाते. त्यापेक्षा इथे पाच रात्रींचा मुक्काम ठोका, बॅग एकदाच उघडा, आणि कोर्दोबा, कादिस, इतालिका ही ठिकाणं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊन बघा. दोन पूर्ण दिवस शहराला, दोन दिवस रेल्वेने बाहेर, आणि उरलेल्या दिवशी अर्धा वेळ त्रियाना, अर्धा इतालिका.

मोसम बघायचा तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मार्चमध्ये रस्त्यारस्त्यावरची संत्र्याची झाडं फुलतात आणि गल्ल्यांमध्ये मोगऱ्याच्या तोलाचा वास भरून राहतो. (हिवाळ्यात त्याच झाडांना लगडलेली संत्री तोडून खायचा मोह आवरा, ती कमालीची कडू असतात. ब्रिटनमध्ये मार्मालेड होतो तो या जातीच्या संत्र्यांचा.) जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि ऑगस्टमध्ये जेवणाची कित्येक चांगली छोटी हॉटेलं मालक सुट्टीवर गेल्यामुळे बंद असतात. मुलांच्या शाळेमुळे मे महिन्याशिवाय पर्याय नसेल, तर मेचे पहिले पंधरा दिवस गाठा.

दोन आठवडे मात्र मुद्दाम तपासून घ्या. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह, ज्याला इथे सेमाना सांता म्हणतात, आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येणारी फेरिया दे आब्रिल, म्हणजे एप्रिलची जत्रा. सप्ताहात येशू आणि मरियमच्या मूर्ती खांद्यावर घेऊन टोकदार टोप्यांतल्या मंडळांच्या मिरवणुका रात्रभर चालतात. बघण्यासारखा सोहळा आहे यात शंका नाही, पण खोल्यांची भाडी कित्येक पट होतात, रस्ते अडतात आणि प्रार्थनास्थळांच्या वेळा बदलतात. मिरवणुका बघायलाच जाणार असाल तर जा. स्थळदर्शन करायचं असेल तर तो आठवडा टाळा. फेरियाचं तर असं आहे की तिथले बहुतेक मांडव खासगी असतात, आमंत्रणाशिवाय आत जाता येत नाही. ओळखपाळख नसेल तर बाहेरून रोषणाई बघून परत यावं लागतं.

निघण्याआधीची कामं, ज्या क्रमाने करायची त्या क्रमाने

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो गेलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, तेव्हा सुरुवात इथूनच.

व्हिसा हातात आला की लगेच रेआल अल्कासार या राजवाड्याचं तिकीट काढा (ग्रानादालाही जाणार असाल तर त्याआधी शेवटचा भाग वाचा). अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, कारण शोधलं की आधी दलालांची महागडी पानं समोर येतात. तिकीट नावानिशी आणि ठरावीक वेळेचं असतं, दारात पारपत्र दाखवावं लागतं. सकाळचा पहिला प्रवेश, साडेनऊचा, मिळाला तर सोडू नका. सोमवारी शेवटच्या तासाभरात नाममात्र आरक्षण शुल्कात मोफत प्रवेश असतो, पण ती तिकिटं हातोहात संपतात आणि एका तासात हा वाडा बघून होत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

कॅथेड्रलचं तिकीटही आधीच घ्या. एल साल्वादोर या दुसऱ्या चर्चचा प्रवेश त्याच तिकिटात येतो.

रेल्वेचं म्हणाल तर माद्रिदच्या आतोचा स्थानकातून सेवियाच्या सांता हुस्ता स्थानकापर्यंत वेगवान गाडी अडीच तासांच्या आसपास पोहोचवते. स्पेनची पहिली अतिवेगवान रेल्वे हीच, १९९२ साली सेवियातल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झालेली. आता या मार्गावर एकाहून अधिक कंपन्यांच्या गाड्या धावतात आणि भाडं विमानासारखं वरखाली होतं, म्हणून लवकर काढलेलं तिकीट खूप स्वस्त पडतं. गाडीत बसण्याआधी सामान यंत्रातून तपासलं जातं आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. धावत जाऊन डबा पकडण्याची आपली कला इथे कामाची नाही.

राहायचं कुठे

सांता क्रूस ही जुनी ज्यूवस्ती चित्रातल्यासारखी आहे: पांढऱ्या भिंती, कुंड्या, हात पसरले तर दोन्ही बाजूंना लागतील इतक्या अरुंद गल्ल्या. पण आत टॅक्सी येत नाही आणि दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग ओढत खोली शोधायची म्हणजे परीक्षा. आई-वडील बरोबर असतील तर पुएर्ता दे ला कार्नेच्या आसपास खोली घ्या. दारापर्यंत गाडी येते, सांता क्रूस दोन मिनिटांवर, राजवाडा आणि कॅथेड्रल चालत, आणि रेल्वे स्थानक टॅक्सीने जवळ. नदीपलीकडचं त्रियानाही छान, तिथे रात्रीचा गजबजाट जास्त आणि पर्यटक कमी. वातानुकूलन चालू आहे ना, हे एप्रिलनंतर जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

शहर सपाट आहे. पाहण्यासारखं बहुतेक सगळं पायी अर्ध्या तासाच्या टप्प्यात येतं. मेट्रोचा एकच मार्ग आहे, प्रवाशांना त्याचा उपयोग थोडा. बस चांगल्या आहेत आणि सायकलींसाठी वेगळे हिरवे पट्टे शहरभर आहेत. त्या पट्ट्यावर उभं राहून फोटो काढू नका, सायकलवाले थांबत नाहीत.

पहिला दिवस: राजवाडा

अल्कासारला घाई करू नका, तीन तास हाताशी ठेवा. इथे मुसलमान राज्यकर्त्यांचा किल्ला होता. १२४८ साली कॅस्टिलच्या राजाने शहर जिंकलं आणि पुढे पेद्रो पहिला याने १३६४ च्या सुमारास आपला महाल उभारला, तो संपूर्ण मुस्लिम कारागिरीत. ग्रानादाच्या सुलतानाशी त्याची मैत्री होती, तिथले कारागीर इकडे आले. म्हणून एका ख्रिस्ती राजाच्या महालावर 'अल्लाखेरीज कोणी विजेता नाही' हे ग्रानादाच्या घराण्याचं ब्रीद कोरलेलं दिसतं. दरवाजावर वर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यात ते पुन्हा पुन्हा आलं आहे. शत्रू आणि शेजारी हे नातं त्या काळात किती गुंतागुंतीचं होतं, ते पुस्तकात वाचून कळत नाही तेवढं या दारासमोर कळतं.

आत शिरल्यावर सगळे थेट या महालाकडे धावतात. तुम्हीही तेच करा, आणि पहिल्या प्रवेशाचा फायदा घेऊन पातिओ दे लास दोनसेयास हे मुख्य अंगण मोकळं असतानाच बघून घ्या. मधला लांब हौद, भोवतीच्या नक्षीच्या कमानी, खालच्या भिंतींवरच्या रंगीत फरशा. शेजारच्या राजदूतांच्या दालनात मान वर करून घुमट बघा. तो लाकडी आहे, १४२७ मधला, सोन्याने मढवलेल्या आकाशासारखा. मग उलट दिशेने या आणि ज्या दालनाकडे गर्दीचं लक्ष नसतं ते गाठा: कुआर्तो देल आल्मिरांते, दर्यासारंगाचं दालन. १५०३ साली स्थापन झालेल्या व्यापार-कचेरीचा कारभार इथून चालायचा. अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचा मक्ता या एका शहराकडे होता आणि प्रत्येक जहाजाची नोंद इथे होत असे. मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेची तयारी इथलीच. १५१९ मध्ये पाच जहाजं सेवियाहून निघाली, १५२२ मध्ये 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज अठरा माणसं घेऊन परत आलं. मॅगेलन वाटेत फिलिपिन्समध्येच मारला गेला होता. हा दर्यावर्दी त्याआधी पोर्तुगीज आरमारातून १५०५ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आला होता, हे आपल्याकडे फारसं कोणाला आठवत नाही.

शेवटचा तास बागेला द्या. मोर फिरत असतात, सावली भरपूर, आणि पेद्रोची प्रेयसी मारिया दे पादिया हिच्या नावाचा भूमिगत हौद भर उन्हातही गार असतो.

बाहेर आलात की समोरच आर्चिवो दे इंदियास. प्रवेश मोफत, अर्ध्या तासात होतं. व्यापाऱ्यांसाठी सोळाव्या शतकात बांधलेल्या या इमारतीत १७८५ साली तिसऱ्या कार्लोस राजाने स्पेनच्या वसाहतींची दप्तरं एकत्र आणली. नावावरून फसू नका, ही अमेरिका आणि फिलिपिन्सची कागदपत्रं आहेत, आपली नाहीत. राजवाडा, कॅथेड्रल आणि हा दप्तरखाना मिळून १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

मग जेवण. मग झोप. मनापासून सांगतो, झोपाच.

संध्याकाळी सातला प्लासा दे एस्पान्या. १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेस या वास्तुविशारदाने बांधलेला हा अर्धवर्तुळाकार प्रासाद आहे. खाली प्रत्येक प्रांताचा एकेक रंगीत फरशांचा कोनाडा, पुढे कालवा, त्यावर चार पूल. छायाचित्रासाठी सकाळी आठची वेळही सोन्यासारखी. लागून मारिया लुइसा उद्यान आहे, मुलांना मोकळं सोडायला उत्तम.

दुसरा दिवस: कॅथेड्रल आणि पेठा

कॅथेड्रल अकराच्या सुमारास उघडतं, रविवारी तर दुपारीच. म्हणून सकाळी आधी एल साल्वादोर चर्च किंवा कासा दे पिलातोस बघा. हा दुसरा खासगी वाडा आहे, पंधराव्या-सोळाव्या शतकातला, आणि तिथल्या अंगणातल्या भिंतींवर फरशांचे इतके नमुने आहेत की राजवाड्यापेक्षा इथे जास्त रमणारे लोक मी पाहिले आहेत. अल्कासारची तिकिटं मिळाली नाहीत तर याच्यावर भागवा, पश्चात्ताप होणार नाही.

कॅथेड्रल हे गॉथिक शैलीतलं जगातलं सगळ्यात मोठं. १४०१ मध्ये इथल्या मशिदीच्या जागी ते बांधायचं ठरलं आणि काम शंभरावर वर्षं चाललं. आत गेल्यावर डोळे दिपतात आणि माणूस भरकटतो, म्हणून तीनच गोष्टी सांगतो. मुख्य वेदीमागचा लाकडी, सोनेरी पडदा, ज्याचं कोरीवकाम १४८२ मध्ये सुरू झालं. कोलंबसची समाधी, जिची शवपेटी कॅस्टिल, लेओन, आरागोन आणि नावारा या चार राज्यांचे प्रतीकरूप राजदूत खांद्यावर वाहतात. क्युबा हातचं गेल्यावर ती हवानाहून इथे आणली. आणि संत्र्यांच्या अंगणाजवळ छताला टांगलेली लाकडी मगर. इजिप्तच्या सुलतानाने तेराव्या शतकात इथल्या राजाला खरी मगर भेट पाठवली होती, ती मेल्यावर तिची ही प्रतिकृती लावली, असं सांगतात.

हिराल्दा हा मनोरा म्हणजे जुन्या मशिदीचा मिनार, ११९८ मध्ये पूर्ण झालेला. वरचा घंटाघराचा मजला सोळाव्या शतकात चढवला. चढायला जिना नाही, उतार आहेत, एकूण ३५. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तशी रचना केली होती. गुडघे दुखणाऱ्यांनाही हा चढ सावकाश जमतो, फक्त अगदी शेवटी थोड्या पायऱ्या आहेत. वरून शहराचं अंगणाअंगणांचं पोट दिसतं, जे रस्त्यावरून कधीच दिसत नाही.

खांदे उघडे असतील तर ओढणी जवळ ठेवा. आणि कॅथेड्रलच्या दारात रोजमेरीची डहाळी हातात कोंबून हात बघणाऱ्या बायका भेटतील. डहाळी घेतली की पैसे मागतात. हात खिशात, मान नकारार्थी, पुढे चालायचं.

संध्याकाळी सेतास. लाकडी जाळीची प्रचंड छत्री, २०११ मध्ये पूर्ण झालेली. गावकऱ्यांनी तिच्या नावाने बोटं मोडली आणि मग तिला 'अळंब्या' म्हणून आपलंसं केलं. वरच्या वाटेवरून सूर्यास्त छान दिसतो. तळघरात बांधकामावेळी सापडलेले रोमन अवशेष आहेत. पाऊस असेल किंवा ऊन असह्य झालं तर ललित कला संग्रहालयात जा. सोमवारी बंद, युरोपबाहेरच्यांना तिकीट अगदी किरकोळ, आणि मुरिय्यो, सुर्बारान या सेवियाशी जोडलेल्या चित्रकारांची मोठी कामं एका जुन्या मठाच्या दालनांत लावलेली.

त्रियाना आणि इतालिका, एकाच दिवसात

इतालिका आधी, कारण तिथे सावलीच नाही. प्लासा दे आर्मास बसस्थानकावरून सांतिपोन्से गावची बस घ्या, अर्ध्या तासाच्या आत पोहोचता. हे रोमन शहर ख्रिस्तपूर्व २०६ मध्ये स्किपिओ या रोमन सेनापतीने आपल्या जखमी सैनिकांसाठी वसवलं. सम्राट त्राजन इथलाच, आणि हाद्रियनचं घराणंही इथलं. सुमारे २५,००० माणसं बसतील एवढ्या आखाड्याचे अवशेष आहेत, पण मला जास्त आवडतात ती घरांतली मोझेइकं: पक्ष्यांचं घर, आणि आठवड्याच्या सात ग्रहदेवतांची फरशी. आपले वार ज्या ग्रहांचे, तेच इथे रोमन चेहऱ्यांनी भेटतात. सोमवारी बंद. टोपी, पाणी, आणि बारापर्यंत परत.

दुपारचं जेवण त्रियानाच्या बाजारात. १८५२ च्या लोखंडी पुलावरून नदी ओलांडली की उजव्या हाताला बाजार, आणि त्याच्या खाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष. स्पेनमधलं पहिलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं न्यायासन, १४८० साली सेवियात नेमलं गेलं आणि या किल्ल्यात त्याचं ठाणं होतं. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० चं आणि पोर्तुगालच्या राज्यातलं, पण त्या इतिहासाशी परिचय असलेल्या वाचकाला इथे थांबावंसं वाटेल. छोटं संग्रहालय आहे, बातमीसारखं कोरडं, म्हणूनच परिणामकारक.

त्रियाना कुंभारांचं उपनगर. रंगीत फरशांची दुकानं बाजारामागच्या गल्ल्यांत आहेत, आणि जुन्या भट्ट्यांच्या जागी सिरॅमिकचं केंद्र. खरेदी केलीत तर दुकानदाराला विमानप्रवासासाठी बांधून मागा, ते सरावलेले असतात.

फ्लामेंको या इथल्या नाच-गाण्याचा पाळणाही त्रियानालाच मानतात. ही कला घडवण्यात रोमा समाजाचा वाटा मोठा, आणि या समाजाचे पूर्वज काही शतकांपूर्वी वायव्य भारतातून निघालेले. टाचांचा ठेका आणि गायकाची आर्त तान ऐकताना कथकची आठवण झाली तर आश्चर्य नको, पण थेट नातं जोडायची घाईही नको. जेवणासकटचे मोठे कार्यक्रम टाळा. पन्नास-शंभर खुर्च्यांच्या लहान जागेत, ध्वनिवर्धकाशिवाय, तासाभराचा कार्यक्रम बघा. कासा दे ला मेमोरिया हे त्यातलं भरवशाचं नाव. जागा क्रमांकित नसेल तर अर्धा तास आधी जा, कारण पाय दिसले नाहीत तर काहीच दिसलं नाही.

कोर्दोबा

बाहेरच्या सहलींपैकी एकच करणार असाल तर ही. वेगवान गाडीने पाऊण तास. त्याच वेळात पोहोचवणारी आव्हांत नावाची गाडी स्वस्त पडते, तिचं भाडं ठरलेलं असतं, तेव्हा आधी ती बघा.

सकाळी साडेसातच्या आसपासची गाडी धरा. स्थानकापासून मेस्किता या जुन्या मशिदीपर्यंत, जी आता कॅथेड्रल आहे, बागेतून चालत वीस-पंचवीस मिनिटं. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ सुट्या प्रवाशांना मोफत सोडतात आणि गटांना मनाई असते. जाण्याच्या आठवड्यात ही वेळ एकदा तपासून घ्या. खरा फायदा पैशाचा नाही, शांततेचा आहे. त्या तासात ८५६ खांबांच्या त्या अरण्यात पावलांचा आवाज ऐकू येतो.

हे बांधकाम समजून घेऊन बघा. पहिल्या अब्द अल-रहमानने ७८५ च्या सुमारास काम सुरू केलं तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब आणून वापरले. खांब उंचीला कमी आणि सगळे एकसारखे नाहीत, छत तर उंच हवं. म्हणून एका कमानीवर दुसरी कमान चढवली. लाल विटा आणि पांढरा दगड आलटून पालटून लावल्यामुळे पट्टे आले. अडचणीतून निघालेली युक्ती हीच इमारतीची ओळख झाली. पुढच्या दोनशे वर्षांत तीनदा विस्तार झाला, तेव्हा खांब नवे घडवले तरी रचना तीच ठेवली. मिहराबासमोरची, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोरची, सोनेरी मोझेइकं दहाव्या शतकातली. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाने जिंकलं आणि सोळाव्या शतकात बरोबर मध्यभागी एक आख्खं कॅथेड्रल घुसवलं. ते सुंदर आहे, आणि तिथे नको होतं असंही वाटत राहतं.

बाहेर ज्यूवस्तीत १३१५ चं छोटं सिनेगॉग आहे, पलीकडे रोमन पूल. उन्हाळ्यात कोर्दोबा सेवियापेक्षाही तापतं, त्यामुळे जेवून दुपारची गाडी धरणं शहाणपणाचं. वसंतात गेलात तर दुपारी मेदिना असाहारा या खलिफाच्या उद्ध्वस्त राजनगरीची बस घ्या. शहरापासून आठ किलोमीटरवर, सोमवारी बंद. मे महिन्यात अंगणांचा उत्सव असतो, घरोघरची कुंड्यांनी भरलेली अंगणं लोकांसाठी उघडतात.

कादिस

सेवियात ऊन असह्य झालं की सेवियाचे लोक जिथे पळतात ते हे बंदर. रेल्वेने पावणेदोन तास, स्थानक थेट जुन्या शहराच्या तोंडाशी. फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी वसवलेलं, पश्चिम युरोपातल्या सगळ्यात जुन्या शहरांतलं एक. ग्वादाल्किविर नदी गाळाने भरत गेली तसा अमेरिकेचा व्यापार १७१७ मध्ये सेवियाकडून कादिसकडे आला, आणि व्यापाऱ्यांनी आपली जहाजं दिसावीत म्हणून घरांवर मनोरे बांधले. त्यातले शंभराहून अधिक अजून उभे आहेत. तोर्रे ताविरा या मनोऱ्यावर आरशा-भिंगाच्या युक्तीने शहराचं हलतं चित्र अंधाऱ्या खोलीत दाखवतात. मुलं खूश होतात.

मग बाजार, पिवळ्या घुमटाचं कॅथेड्रल, तटावरून फेरी आणि ला कालेता किनारा. परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा, कारण उन्हाळ्यात सूर्यास्त आणि गाडीची वेळ जुळेलच असं नाही. वाटेत हेरेस लागतं, घोड्यांच्या कसरतींच्या शाळेसाठी आणि शेरी या मद्यासाठी प्रसिद्ध. एका दिवसात दोन्ही उरकायचा हट्ट नको.

अर्धाच दिवस हाताशी असेल तर कार्मोना. बसने तासाच्या आत, रोमन दफनभूमी, आणि तिथल्या एका थडग्यात सापडलेली हत्तीची दगडी मूर्ती. रोंदाची दरी आणि १७९३ चा उंच पूल फोटोत भुरळ घालतात, पण बसमध्ये जाऊन-येऊन दिवस संपतो. मी तिथे रात्र काढा म्हणेन.

शाकाहारी माणसाचं काय

बरं चालतं, फक्त सावध राहायचं. 'मी शाकाहारी' असं सांगितलं तरी ताटात हॅमचे तुकडे किंवा ट्यूना येऊ शकतो, कारण ते तिकडे मांसात धरतीलच असं नाही. म्हणून नकारांची यादी द्या: 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून'. मांस, हॅम, मासे, ट्यूना नको.

सगळ्यात घरचं वाटणारं म्हणजे एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, पालक आणि काबुली चणे, जिऱ्याच्या वासाचे. पोळीबरोबर खाल्लं तर कोणी परदेशी म्हणणार नाही. गास्पाचो हे टोमॅटोचं थंड सार. साल्मोरेखो त्याचंच दाट रूप, पण वर अंडं आणि हॅम पेरतात, आधीच नको म्हणा. कोर्दोबात वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीबरोबर देतात, ते चुकवू नका. तोर्तिया म्हणजे बटाटा आणि अंड्याची जाड पोळी. पण कादिसची तोर्तियिता नावाने धाकटी बहीण वाटली तरी तिच्यात कोळंबी असते. क्रोकेतास ही तळलेली कटलेटं बहुधा हॅमची, एन्सालादिया या बटाट्याच्या थंड कोशिंबिरीत ट्यूना, आणि मांतेकादो, पोल्वोरोन या खुसखुशीत मिठायांत परंपरेने डुकराची चरबी.

स्वयंपाकघरं दीड ते चार आणि रात्री साडेआठनंतर चालू. मुलं बरोबर असतील तर दीडला पहिल्या पंगतीत बसा, अडीचला जागा मिळत नाही. हॉटेलांनी नळाचं पाणी फुकट द्यावं असा कायदा २०२२ पासून आहे. 'आग्वा देल ग्रिफो' मागा, पाणी पिण्याजोगं आहे. घरून खाऊ न्याल तर चकल्या, भडंग, खाकरे खुशाल न्या. पेढे, तूप, खवा नेऊ नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात.

ग्रानादाबद्दल

'तिथपर्यंत गेलोच आहोत तर एका दिवसात ग्रानादाचा अल्हाम्ब्रा राजवाडाही करू' हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. रेल्वेने वा बसने एका बाजूला अडीच ते तीन तास लागतात, आणि अल्हाम्ब्रातल्या नासरी महालांच्या प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असते. ती चुकली की महाल गेला. सेवियातला मुक्काम संपवून ग्रानादाला दोन रात्री द्या आणि तिथूनच माद्रिदला परत फिरा. ही तिकिटं अल्कासारच्याही आधी संपतात, तेव्हा तारखा ठरल्या की पहिलं तिकीट अल्हाम्ब्राचं काढा, त्याला मिळालेल्या दिवसाभोवती सेवियाचे दिवस मागे-पुढे सरकवा, आणि खोल्यांचं आरक्षण त्यानंतर करा.